मालवणचं शेवाळ आणि आमचा सभापती

पुणे,
२६ मे २००२

तीर्थस्वरूप भिमामामा,

तुमच्या थोरल्या आणि (तुमच्याच म्हणण्याप्रमाणं) शिकून वाया गेलेल्या भाचीचा, सुषमाचा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दुखऱ्या पायावर जरा हळूच ठेवलंय. गुडघ्याला आता कसं आहे? आईकडून कळलं की डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही म्हणून सांगितलं आणि तुम्ही त्यावर उपाय म्हणून डॉक्टरच बदलला. गितामामींचं बीपी वाढलं की त्या ते मशीन तुम्हाला लावून बघतात आणि तुमचं जास्त निघालं की त्यांचं आपोआप उतरतं, हेही कळलं. (या इलाजावर संशोधन व्हायला हवं. मी केलं असतं, पण माझा विषय शेवाळ आहे.) तळेगावात यंदा फ्लॉवर कसा आलाय? लोडशेडिंगमध्ये मोटर चालते का? मी इथं बरी आहे. मेसचं जेवण जातं, झोप येते. पत्र लांबणार आहे, तेव्हा मामींना चहा ठेवायला सांगा आणि मगच पुढं वाचा.

मागच्या दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, "सुषे, समुद्र राह्यला तिकडं लांब, आन् तू पुन्यात बसून शेवाळ हुंगतीस व्हय?" तेव्हा मी लाडू खात होते म्हणून उत्तर राहिलं. तर मामा, हे शेवाळ आपल्या विहिरीतलं हिरवं बुळबुळीत नव्हे. सरगॅसम त्याचं नाव. रंगानं तपकिरी, हातभर लांब, पानांच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढे फुगे. त्यातून डिंकासारखा पदार्थ निघतो आणि तो आइस्क्रीमपासून औषधाच्या गोळीपर्यंत कशातही घालतात. आता प्रश्न असा, की उद्या कुणी मालवणचा खडक खरवडून बोडका केला, तर रत्नागिरीचं शेवाळ वाहत येऊन तिथं नांदेल का? का मालवणची भावकी निराळी, रत्नागिरीची निराळी, आणि त्यांच्यात सोयरीकच होत नाही? शेवाळाला विचारून कळत नाही, आणि त्यांच्यात मध्यस्थ नसतात. म्हणून आम्ही 'मार्कर' बनवतो.

मार्कर म्हणजे काय, तर डीएनए ही एक लांबच लांब पोथी आहे असं धरा. त्यात काही जागी उगाच एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, आमच्या गावचे हौसराव पाटील भाषणात 'या ठिकाणी' म्हणतात तसा. आता 'या ठिकाणी' किती वेळा, हे घराण्याघराण्यात वेगळं असतं आणि ते आईबापांकडून पोरांत उतरतं. तेवढं मोजलं की कोण कुणाच्या नात्यातलं ते कळतं. फक्त एवढ्या मोठ्या पोथीत ती जागा हुडकायला एक वाटाड्या लागतो, त्याला प्रायमर म्हणतात, आणि प्रत्येक जीवाचा वाटाड्या निराळा. या शेवाळाचा वाटाड्या मला नव्यानं घडवावा लागला. एक घडवला, तो चालेना. दुसरा चालला, पण भलतीकडंच गेला. असं करत करत दोन वर्षांनी एक धडका वाटाड्या हाती लागला. जेल नावाच्या थुलथुलीत वडीवर (खरवसासारखी दिसते, खाऊ नये) त्यानं असे झकास पट्टे उमटवले, की मालवणच्या प्रत्येक शेवाळात एक पट्टा जास्तीचा आणि रत्नागिरीच्या एकातही तो नाही. मालवणची भावकी वेगळी! माझे पीएचडीचे सर एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून वडापाव आणला. आमचं पोस्टर विशाखापट्टणमच्या परिषदेला लागणार असं ठरलं. सरांनी तिकडं जायला नवा शर्टसुद्धा शिवला.

आता एडका.

आबांच्या कळपात गेल्या साली एक एडका वाढला. अंगानं काळा, कपाळावर पांढरा टिळा, आणि शिंगं अशी की समोरच्यानं वाट सोडावी. आबांनी त्याचं नाव ठेवलं सभापती. (हौसराव पाटील पंचायत समितीच्या सभापतिपदाला पडले, त्यानंतर लगेच. आबा म्हणतात योगायोग. आई म्हणते, "योगायोग कसला, चार दिस इचार केला त्यांनी.") चैत्रातल्या जत्रेत सभापतीनं टकरीत समोर येईल तो एडका पळवला, आणि त्याच संध्याकाळी हौसरावांना आठवलं की हा एडका त्यांचा आहे. कालव्यावर पाणी पाजताना दोन्हींकडची मेंढरं मिसळली होती, तेव्हा आपल्या मेंढीचं कोकरू बिरदेवाच्या (म्हणजे आबांच्या) कळपात गेलं, असं त्यांचं म्हणणं. आबांचं म्हणणं, कोकरू आमच्या भुरीचं, भुरीला मी विताना बघितलंय. पाटील म्हणाले, मग मी काय आंधळा आहे का?

हसू नका, मामा. त्या दिवसापासून आबांची मेंढरं पाटलांच्या भावकीतल्या कुणीही रानात खताला बसवून घेईना. निम्मं खुटबाव त्यांचं. उन्हाळ्याचे दिवस, मेंढरं न्यायची कुठं? आबा सभापतीला देऊन मोकळे झाले असते तर सगळं मिटलं असतं. पण तुमच्या घरचा जावई तुम्हाला माहीत आहे. जो माणूस एका टाचणीवरून तुमच्याशी सबंध लग्नसराई बोलला नाही, तो एडका सोडणार होय?

भांडण पेटलेलं असताना आबा हॉटेलात म्हणाले, "माझी पोर पुन्यात डीएनए करती. ती सांगंल कुणाचा ते." हौसरावांनी टीव्हीवर डीएनए बघितलेला. ते म्हणाले, "मान्य." दोघं एकमेकांचा एक शब्द मान्य करत नव्हते, आणि जे मला येत नव्हतं तेवढंच नेमकं दोघांना मान्य झालं. आबांनी कॉइन बॉक्सवरून थेट प्रयोगशाळेत फोन लावला. तो सरांनी उचलला आणि नंतर मला जसंच्या तसं ऐकवलं.

"मास्तर, म्या सुषमाचा बाप बोलतूय. मशीन मोकळं हाय का?"

"कुठलं मशीन?"

"बाप हुडकायचं."

सर म्हणाले, "आमच्याकडं तसलं काही नाही हो."

"आसंल, बघा नीट. पोरगी दोन वर्सं त्येच करती. एडका तिकडं पाठवू, का तिलाच हिकडं धाडताय?"

आमचे सर स्वभावानं घाबरट. म्हणाले, "तिलाच धाडतो."

दौंडच्या शटलनं मी खुटबावला उतरले ती तशीच पाटलांच्या ओट्यावर. तिथं पोचल्यावर पहिलं काय दिसलं असेल, तर आबा खुर्चीत बसलेले. मामा, त्या ओट्यावर आबा आजवर पायरीवर बसत आलेत. त्यांना कुणी खाली बस म्हटलं नाही आणि कुणी वर ये असंही म्हटलं नाही. आणि आज हौसरावांनी स्वतः खुर्ची दिली होती, मशीनवाल्या पोरीचा बाप म्हणून. आबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, कुणी मागायला आलं तर चटकन देता यावी असे. ते बघितलं आणि शटलमध्ये पाठ केलेलं माझं अर्धं भाषण मी विसरले.

उरलेलं अर्धं मी केलं. सांगितलं, की माझा वाटाड्या शेवाळाचा आहे, मेंढीची पोथी निराळी. मेंढ्यांचे मार्कर परदेशात निघालेत, पण ते मागवायचे तर सरांना पैसे देणाऱ्या दिल्लीच्या खात्याला कळवावं लागेल की समुद्राच्या प्रकल्पात एडका शिरलाय.

हौसराव म्हणाले, "म्हंजी समुद्राच्या तळातल्या शेवाळाचा बाप तुला घावतो, आन् फुडं उभ्या ऱ्हायलेल्या एडक्याचा घावत न्हाई?"

"आप्पा, मी शेवाळाचा बाप नाही हुडकत."

"मंग दोन वर्सं काय करतीस?"

(दिल्लीचे लोकही वर्षाला एकदा हेच विचारतात, फक्त इंग्रजीत.) आबा खुर्चीतून उठायला लागले. मग मी मनाशी एक बेत केला. मेंढरांचे केस न्यायचे, माझ्याच शेवाळाच्या वाटाड्यानं तपासायचे, पोथी निराळी असल्यामुळं काहीच उमटणार नाही, आणि जेलचा तो कोरा फोटो आणून गावाला दाखवायचा. बघा, मशीन काही बोलत नाही, आता तुमचं तुम्ही मिटवा. कुणाचा अपमान नाही, कुणाचा जय नाही. बेत मला फार आवडला. केस मुळासकट उपटावे लागतात हे मी सभापतीला सांगितलं नाही, ते त्याला आपोआप कळलं आणि त्यानं मला उकिरड्यात आडवं केलं. उठले तर पुन्हा आडवं केलं. मग आबांनी त्याचं मुंडकं काखेत धरलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि तो शहाण्यासारखा उभा राहिला. (काय सांगितलं विचारलं तर म्हणाले, "पाटलाचं नाव घेतलं.") भुरीचे केस घेतले, पाटील सांगतील त्या त्यांच्या मेंढीचे घेतले, आणि पुण्याला आले.

आणि मामा, फोटो कोरा आला नाही.

तिन्ही मेंढरांचा पट्टा उमटला, ठसठशीत. माझ्या हातून सांडलवंड झाली असेल म्हणून परत सगळं केलं. परत तेच. आणि पट्टा कुठला? मालवणच्या शेवाळात जो जास्तीचा यायचा तोच, त्याच उंचीवर. फोटोवर फोटो ठेवला तरी केसाचाही फरक नाही. मालवणच्या समुद्रात मेंढरं नाहीत. मग शेवाळात मेंढरू शिरलं कुठून?

तेव्हा आठवली घोंगडी. हिवाळ्यात मालवणहून शेवाळ घेऊन येताना कोल्हापूरच्या स्टँडवर एक वजनदार गृहस्थ भेळ खात माझ्या थर्माकोलच्या पेटीवर बसले आणि पेटीसकट खाली गेले. पुड्या ओल्या, सामान उघडं, गाडी सुटायला आलेली. मग मी त्या पुड्या आबांनी थंडीसाठी दिलेल्या नव्या कोऱ्या घोंगडीत गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन आले. घोंगडी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. म्हणजे रत्नागिरीचं शेवाळ आलं पेटीतून आणि मालवणचं आलं आपल्या भुरीच्या मिठीतून! नशिबानं मालवणच्याच शेवाळाचे काही तुकडे मी तिथंच बाटलीत, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले होते. ते कधी तपासलेच नव्हते. ते तपासले. जास्तीचा पट्टा गायब. मालवण आणि रत्नागिरी, दोन्ही सारखी. मालवणची निराळी भावकी, सरांचं पोस्टर, माझा धडका वाटाड्या, ते सगळं म्हणजे खुटबावची लोकर होती.

सर दोनच दिवसांनी विशाखापट्टणमला निघणार होते. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं आणि मी गप्प बसले असते तर पुढंही कुणाला कळलं नसतं. शेवाळाच्या परिषदेत मेंढरू कोण ओळखणार? मी जिन्यात बसून रडले. मग मालवणच्या खडकावर आपली भुरी शेवाळ होऊन डुलतेय असं डोळ्यांपुढं आलं आणि हसू फुटलं, मग परत रडले. वरच्या मजल्यावरचे एक प्राध्यापक मला ओलांडून गेले आणि म्हणाले, "पीएचडी का?" मी मान हलवली. शेवटी तोंड धुतलं आणि फोटो घेऊन सरांपुढं उभी राहिले. सगळं सांगितलं, घोंगडीपासून भेळेपर्यंत. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"सुषमा," ते म्हणाले, "निदान एडका कुणाचा ते तरी कळलं का?"

"नाही, सर."

"म्हणजे कशातलंच काही कळलं नाही. बरं." त्यांनी शेवटी चष्मा घातला. "करा मग पहिल्यापासून. आणि घोंगडी घरी ठेवून या."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोस्टर मागं घेतलं, तिकीट रद्द केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो नवा शर्ट घालून नेहमीसारखे कामावर आले.

फोटो घेऊन मी पुन्हा पाटलांच्या ओट्यावर गेले. आबा खुर्चीत, या खेपेला जरा मागं टेकून. मी खरं ते सांगितलं: यातून कुणाचा एडका ते कळत नाही, माझा मार्करच चुकलाय. पण फोटो तोवर हातोहात फिरत हौसरावांकडं गेला होता. त्यांनी चष्मा लावला. "ह्ये तीन पट्टे कुणाकुणाचं?"

"एक सभापतीचा," मी म्हणाले. (ओट्यावर कुणीतरी खोकलं.) "एक भुरीचा, एक तुमच्या मेंढीचा."

"सारखंच दिसत्यात की."

"सारखेच आहेत, आप्पा. जगातल्या कुठल्याही मेंढीचा आणला तरी..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हौसराव उभे राहिले. आणि मामा, ते उभे राहिले की भाषण होतं. "या ठिकाणी शास्त्रानं शिद्ध झालेलं हाय, की बिरदेवाची मेंढरं आन् आमची मेंढरं या ठिकाणी एकाच रक्ताची हायती. भावकीत वाद नको. एडका सा महिनं त्येच्याकडं, सा महिनं माझ्याकडं. आन् मेंढरं उद्यापासनं या ठिकाणी माझ्या रानात बसूं द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. (पाटलांच्या रानाला खत हवंच होतं. भांडण मिटवायला कुणीतरी निमित्त देण्याची ते वाटच बघत होते, ते माझ्या चुकीनं दिलं.) मी ओरडून सांगत होते की याचा अर्थ तसा होत नाही, तेवढ्यात चहा आला. आबांनी बशीतून चहा प्यायला आणि शेजारच्याला म्हणाले, "पोर म्हंती काय कळलं न्हाई. लई इनम्र हाय."

तर असं सगळं गोड झालं. आबांची मेंढरं रानात बसतात. सभापती सध्या पाटलांकडं आहे, तिथं त्याचं नाव तुफान आहे आणि तो दोन्ही नावांना ओ देत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाटाड्या घडवतेय. थंडी पडली की परत मालवणला जाईन, या वेळी पत्र्याची पेटी घेऊन, तीवर कुणीही बसावं. गितामामींना नमस्कार, त्यांचं बीपी तुमच्याहून कमी राहो. गुडघ्याला जपा. चुकलंमाकलं पदरात घ्या.

तुमची भाची,
सुषमा

ता.क. हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे असं मी वर भासवलं. तसं नाही, मामा. गेल्या रविवारी मी घरी असताना कासुर्डीचा एक म्हातारा आला. हातात काड्याची पेटी, आत रेशमासारखे काळेभोर केस. मी विचारलं, कुठल्या जनावराचे? म्हणाला, नातीचे. दुसऱ्या कागदात लेकाचे होते. सून, भागुबाई तिचं नाव, बाहेर जीपपाशी उभी होती, पोर कडेवर. पोर गोरी निघाली, एवढाच भागुबाईचा गुन्हा; नात लेकाचीच का, ते मी सांगायचं. मी म्हणाले, माझ्याच्यानं हे होत नाही. म्हातारा म्हणाला, "एडक्याचं झालं की." भागुबाई माझ्या हातातल्या पेटीकडं बघत होती. आईनं मला आत ओढलं आणि म्हणाली, "सांग की, त्येचीच हाय म्हनून. तुझं काय जातंय?" माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. पण आज मी 'हो' म्हटलं की मशीन खरं ठरलं. उद्या दुसरं कुणी पेटी आणेल, आणि मी काय म्हणते ते कुणी ऐकणारच नाही, पाटलांनी वाचले तसे पट्टे जो तो आपल्या सोयीनं वाचेल. म्हाताऱ्याला मी येत्या रविवारी, २ जूनला, बोलावलंय. पेटी ठेवून घेतलीय, म्हणजे तोवर तरी भागुबाईला कुणी घराबाहेर काढणार नाही.

मामा, शनिवारीच खुटबावला या. रविवारी पाटलांच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर आणि त्या म्हाताऱ्यासमोर मला झाडा. म्हणा, ही नापास झालीय, हिचं मशीन खोटं आहे, हिला शेवाळ कुठलं आणि मेंढरू कुठलं ते उमगत नाही, आणि जो हिच्या पट्ट्यांवर माणसाचं नातं ठरवील तो हिच्याहून येडा. यातलं काहीच खोटं नाही, सगळं वर लिहिलंय. मी सांगितलं तर लोक विनम्र म्हणतात, आबा सांगायचे नाहीत, आणि सरांना तिकडची भाषा झेपायची नाही. मामानं भाचीला चारचौघांत झाडलं तर मात्र काहीतरी खरंच असणार, असं लोक धरतात. एडक्याचं भांडण पुन्हा निघालं तर निघू दे.

ता.क. २ आबांना यातलं काही सांगितलेलं नाही. झाडताना त्यांच्या तोंडाकडं बघू नका, तुमच्याच्यानं पुढं बोलवायचं नाही.